बेरीज चार, गुणाकार पाच

जुनवानीच्या मेन रोडवर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रवीणचा गणिताचा क्लास होता. बोर्डावर त्याचं नाव होतं, पण पोरं त्याला 'ट्रिकवाले सर' म्हणायची. धडा सुरू करण्याआधी तो रोज फळ्यावर एक भयंकर दिसणारं गणित लिहायचा आणि खडू बोटांत फिरवत उभा राहायचा.

त्याचं सगळ्यात आवडतं गणित सव्वीस कंसांचं होतं. एक्स वजा ए, गुणिले एक्स वजा बी, गुणिले एक्स वजा सी, असं करत थेट झेडपर्यंत. पोरं वह्या उघडून गुणाकाराला बसायची. पान भरायचं, दुसरं लागायचं, कोणी म्हणायचं, "सर, ये तो रात तक चलेगा." मग प्रवीण हसत हसत शेवटाकडचा एक कंस भरून दाखवायचा. ए, बी, सी करत आपण एक्सपर्यंत येतोच की नाही? तिथे एक्स वजा एक्स. म्हणजे शून्य. आणि शून्याने गुणलं की सगळंच शून्य. वर्गात आधी शांतता पसरायची, मग एकदम आरडाओरडा व्हायचा. त्या आरडाओरड्यासाठीच प्रवीण शिकवत होता असं म्हटलं तरी चालेल.

मार्चअखेरीस परीक्षा आटोपल्या की तिथलं मराठी मंडळ नववीच्या मुलांसाठी गणिताच्या कोड्यांची स्पर्धा घ्यायचं. मंडळात सगळीच विदर्भाकडून या हिंदी मुलखात आलेली घरं. कोणाचे आजोबा इथला पोलादाचा प्लांट उभा राहत असताना आलेले, कोणाचे वडील रेल्वेत लागलेले. प्रश्न काढायचं आणि स्टेजवर विचारायचं काम प्रवीणकडेच असे. या वर्षी पहिल्या आलेल्या मुलाला मे महिन्यात नागपूरच्या गणित शिबिराला पाठवायचं ठरलं होतं. जागा एकच होती.

शेवटच्या फेरीत दोघी उरल्या. एक नीतू, प्रवीणच्या मोठ्या भावाची मुलगी. प्लांटच्या वसाहतीतल्या इंग्रजी शाळेत जायची, काकाच्या क्लासला लहानपणापासून बसायची. दुसरी आम्रपाली. खुर्सीपारच्या कामगार वस्तीतली, सरकारी हिंदी शाळेतली. तिचे वडील राजदीप हथखोजच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात फिटर होते. बारीक, उंच पोरगी. विचार करताना ओठ हलवायची आणि उत्तर द्यायला वेळ लावायची.

शेवटचा प्रश्न प्रवीणने आदल्या दिवशी घाईत काढला होता. दोन संख्यांची बेरीज चार, गुणाकार तीन, तर त्यांच्या वर्गांची बेरीज किती? लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे फारच सोपं आहे. एक आणि तीन हे कोणीही अंदाजाने ओळखेल. ट्रिक तर अशी हवी की संख्या शोधायच्याच नाहीत. बेरजेचा वर्ग करायचा, त्यातून गुणाकाराची दुप्पट वजा करायची, झालं. म्हणून अंदाज चालू नये यासाठी त्याने तीन खोडून पाच केलं. तेवढाच बदल. सोळातून दहा गेले, उत्तर सहा. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला.

प्रश्न वाचल्यावर आम्रपालीने आधी घंटी वाजवली.

"बोल," प्रवीण म्हणाला.

"सर, असे नंबरच नाई हायेत."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. प्रवीणलाही हसू आलं. वर्गात असं काही झालं की तो हसायचाच, सवयच होती.

"नंबरच नाहीत? मग मी काय सुपेलाच्या बाजारातून आणले?"

आता सगळा हॉल हसला. आम्रपाली माइकच्या आणखी जवळ गेली. "नाई सर, कावून की बेरीज जर चार—"

"उत्तर दे बेटा, भाषण नको. वेळ संपला. नीतू?"

नीतू पटकन म्हणाली, "सिक्स."

"एकदम बरोबर!"

टाळ्या पडल्या. प्रवीणचा भाऊ पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता, वहिनी फोनवर शूट करत होती. आम्रपाली घंटीपाशी तशीच उभी होती. तिचे ओठ अजून हलत होते. मग कोणीतरी तिला हाताने खाली बसायची खूण केली, आणि ती खाली उतरली.

मंडळाचे सचिव भय्याजी माइक घेऊन आभार मानायला लागले. प्रवीण बाजूला खुर्चीत बसला. उगाचच, डोकं रिकामं होतं म्हणून, त्याने त्या दोन संख्या काढून बघायला घेतल्या. दोन आणि दोन, गुणाकार चार. एक आणि तीन, तीन. दीड आणि अडीच, पावणेचार. संख्या एकमेकींपासून लांब नेल्या की गुणाकार कमी होत होता. जवळ आणल्या की वाढत होता, आणि अगदी एक झाल्या की चारवर थांबत होता. पाच येतच नव्हते. कसेही येणार नव्हते.

प्रवीणने खिशातला कागद काढून प्रश्न पुन्हा वाचला.

पोरगी बरोबर बोलली होती. आणि 'कावून की' म्हणत ती त्याचं कारणच सांगायला निघाली होती.

भय्याजींचं बोलणं अजून संपलं नव्हतं. प्रवीण उठून दोन पावलं चालून माइक मागू शकला असता. त्याने खुर्चीच्या हातावर हात ठेवलाही होता. पण तेवढ्यात नीतूचं नाव पुकारलं गेलं, ती धावत स्टेजवर आली आणि आधी काकाच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भावाने लांबूनच अंगठा दाखवला. मग फोटो झाले, मग समोसे आले.

घरी जाताना त्याने स्वतःला समजावलं. अकरावीत काल्पनिक संख्या शिकवतात ना? त्यांच्यात अशा दोन संख्या सापडतात. म्हणजे सहा हे उत्तर चूक नाही. प्रश्नही चूक नाही. हे सगळं खरंच होतं. पण नववीच्या पोरीला त्या संख्या कोणी शिकवल्या होत्या? तिला जेवढ्या संख्या माहीत होत्या, तेवढ्यांत तिचंच उत्तर बरोबर होतं. आणि खुद्द त्याने तरी प्रश्न काढताना काल्पनिक संख्यांचा विचार कुठे केला होता?

चारेक दिवसांनी नीतू क्लास सुटल्यावर मागे थांबली.

"काका, एक डाउट है. ते जे क्वेश्चन होतं ना, त्याचे टू नंबर्स मी शोधून राहिली. भेटूनच नाही राहिले."

प्रवीण फळा पुसत होता. तो पुसतच राहिला. "ते अकरावीत येईल. काल्पनिक संख्या असतात."

"मतलब असली नंबर नाहीत?"

"म्हटलं ना, अकरावीत येईल."

"तो फिर आम्रपाली सही थी क्या?"

"तुझं उत्तर बरोबर आहे नीतू," तो म्हणाला. आवाज थोडा चढलाच. "ती चुकली, तू जिंकली. आता त्याच्यात काय राहिलं? जा, उशीर झाला."

नीतूने एकदा त्याच्याकडे बघितलं, बॅग उचलली आणि गेली. खाली तिच्या सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. प्रवीणने पुसलेला फळा पुन्हा पुसला.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तो सिव्हिक सेंटरच्या बाजारात खडू आणि फाइली घ्यायला गेला होता. चहाच्या टपरीजवळ कोणीतरी मागून हाक मारली, "जय भीम, सर."

राजदीप होता. कारखान्यातून थेट आलेला, शर्टाच्या बाहीवर वेल्डिंगने पडलेली बारीक भोकं. त्याने आग्रहाने दोन चहा सांगितले. प्रवीणला तिथून निघायचं होतं, पण निघता येईना.

"सर, तुमाले भेटाचंच होतं. माफी मांगाची होती."

"माफी? कशाची?"

"त्या दिवशी आमच्या पोट्टीनं स्टेजवर तुमच्याशी वाद घातला ना. चार लोकांत बरं दिसलं नाई ते. घरी आली त थेच लावून धरलं. 'माझंच बरोबर हाय, सरच चुकले.' मी म्हटलं, सर शिकलेले, इतक्या पोरांले शिकवतात, अन् तू त्याहीले चूक म्हणून राहिली? त ऐकेच ना. कागद घेऊन माह्या मांगं मांगं, 'बाबा पाहा, बाबा पाहा.' मले काय समजते त्याच्यातलं? दिवसभर मशीनवर उभा राहून आलो होतो. मारली एक तोंडात."

प्रवीणच्या हातातला चहा गरम होता, तरी त्याने ग्लास खाली ठेवला नाही.

"आता सुधरली," राजदीप म्हणाला. हे सांगताना तो खूश नव्हता, पण सरांना बरं वाटावं असं त्याच्या मनात होतं. "परवा सोताहूनच बोलली, 'बाबा, माझंच चुकलं.' फक्त गणिताचं पुस्तक काही उघडत नाई. म्हणते, मले गणित समजतच नाई. पह्यले त जेवताना बी सोडवत राहे. तुम्ही एखांदे वेळी तिले समजावून सांगान का, सर? तुमचं ऐकंन थे."

"हो," प्रवीण म्हणाला. "सांगतो."

एवढंच. तिथेच सांगून टाकायचं होतं, वाक्य जिभेवर आलंही होतं. पण राजदीपने चहाचा शेवटचा घोट घेतला, पैसे द्यायला पुढे झालेला प्रवीणचा हात मागे सारला आणि बाइकला किक मारली. प्रवीण बराच वेळ तिथे उभा राहिला. स्टेजवर तो गप्प बसला होता, ती एक गोष्ट. पण आता त्या पोरीने, पूर्ण बरोबर असताना, मार खाऊन स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं की मी चुकले. फळ्यावरचं कितीही अवघड गणित त्याने आजवर सोडवून दाखवलं होतं. हे कसं सोडवायचं ते त्याला कळेना.

तीन रात्री झोप नीट लागली नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून त्याने स्कूटर काढली आणि खुर्सीपार गाठलं.

दोन खोल्यांचं घर होतं. दारात कुंडीत मोगरा आणि मनीप्लांट, आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. राजदीपने लगबगीने खुर्ची पुसली. आम्रपालीची आई, चंपा, पाणी घेऊन आली. आम्रपाली आतल्या दाराशी उभी राहिली. तिने नमस्कार केला, पण वर बघितलं नाही.

"आम्रपाली," प्रवीण म्हणाला, "त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. प्रश्न मी चुकीचा काढला होता. असे दोन नंबर नाहीत."

राजदीप हातातलं फडकं घेऊन उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि पलंगाच्या काठावर बसला.

आम्रपालीने आता मान वर केली.

"तुमाले कधी समजलं, सर?"

हा प्रश्न येईल असं प्रवीणला वाटलं नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. काल समजलं, परवा वही तपासताना समजलं.

"तेव्हाच," तो म्हणाला. "भय्याजी आभार मानत होते तेव्हाच."

"मंग?"

चंपा दाराला टेकून उभी होती. तिने आवाज न चढवता विचारलं, "सर, नीतूनं जर म्हटलं असतं, असे नंबर नाई हायेत, त तुम्ही हासले असते का?"

"चंपा," राजदीप म्हणाला.

"विचारू द्या. मी फक्त विचारून राहिली."

"नसतो हसलो," प्रवीण म्हणाला. "तिला विचारलं असतं, का नाहीत ते सांग."

हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. तो खाली बघत राहिला. बाहेर पाण्याच्या टँकरभोवती बायकांचा गलका चालला होता.

"मी मंडळात सगळ्यांसमोर सांगतो," तो म्हणाला. "शिबिराची जागा तुझी आहे. नाव बदलता येतं, मी नागपूरला फोन करून विचारलं."

आम्रपालीने लगेच हो म्हटलं नाही. ओठ हलवत ती विचार करत राहिली.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगते. मले त्या दिवशी पूरं बोलूच नाई दिलं तुम्ही."

भय्याजींना हे पटलं नाही. "प्रवीणभाऊ, झालं गेलं. लिस्ट पाठवून झाली. आता कावून उकरून राहिले? तुमचीच पुतणी हाय, घरात भांडण लागंन." प्रवीण म्हणाला, लागू द्या. भावाला त्याने मंडळाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. भावाने टीव्हीचा आवाज मोठा केला. वहिनी म्हणाली, "पोरीच्या हातातलं काढून दुसऱ्याले देणारा काका पह्यल्यांदा पाहिला." नीतू आपल्या खोलीत होती. दार बंद होतं.

महिन्याच्या बैठकीला थोडीच माणसं होती. अर्ध्यांना अहवाल ऐकून घरी जायचं होतं. प्रवीणने उभं राहून प्रश्न पुन्हा वाचला, आपण कुठे चुकलो ते सांगितलं, चूक त्याच दिवशी कळूनही गप्प बसलो हेही सांगितलं, आणि खडू आम्रपालीच्या हातात दिला. त्याला वाटलं होतं, हे बोलल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालं नाही.

आम्रपाली फळ्याकडे गेली.

"बेरीज चार पाह्यजे. त दोन्ही नंबर सारखे घेतले त दोन अन् दोन. आता एक नंबर थोडा वाढवला, त दुसरा तेवढाच कमी करा लागते, नाई त बेरीज चार राहात नाई. म्हणून एक दोन अधिक डी, दुसरा दोन वजा डी." तिने दोन कंस लिहिले. "यांचा गुणा केला त चार वजा डीचा वर्ग. डी कोणताही घ्या, त्याचा वर्ग शून्यापेक्षा कमी होत नाई. म्हणजे चारातून काहीतरी जाईलच, नाई त काहीच जाणार नाई. चारच्या वर गुणा जातच नाई. मंग पाच कुठून येईन?"

एका ओळीत संपलं होतं. प्रवीण त्या ओळीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो सोप्या उत्तरांच्या मागे होता, आणि इतकं सोपं त्याला स्वतःला सुचलं नव्हतं. त्याने तर एक-एक आकडा घालून पाहिला होता.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे हां! करेक्ट है!" नीतू होती. ती कधी येऊन बसली होती, कोणाला कळलं नव्हतं. तिने टाळी वाजवली आणि मग इतरांनीही वाजवल्या, समजलेल्यांनी आणि न समजलेल्यांनीही. राजदीपने टाळी वाजवली नाही. तो खाली मान घालून डोळे पुसत होता. आम्रपाली येऊन त्याच्या शेजारी बसली, पण दोघांच्या मध्ये तिने एक खुर्ची रिकामी सोडली.

परतताना नीतू प्रवीणच्या स्कूटरवर मागे बसली.

"काका, नागपूरचं जाऊ दे," जुनवानी आल्यावर ती म्हणाली. "वाईट वाटलं, पण ठीक है. मी तुला विचारलं होतं ना, आम्रपाली सही थी क्या. तेव्हा तू मला झूठ कावून बोलला?"

समोर सिग्नल होता. तो हिरवा झाला तरी प्रवीणला गाडी पुढे न्यायचं सुचलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.

मेमध्ये आम्रपाली नागपूरला गेली. राजदीप सुट्टी टाकून तिला सोडायला गेला. ती परत आल्यावर प्रवीणने तिला क्लासला बोलावलं, फी नको म्हणून सांगितलं. तिने फोनवर नीट, आदबीने नाही म्हटलं. शाळेतल्या मॅडम शिकवतात म्हणाली. पुढे रस्त्यात कुठे दिसली तर नमस्कार करायची आणि मैत्रिणींबरोबर पुढे निघून जायची. वहिनी दिवाळीपर्यंत बोलली नाही. क्लासमध्ये पोरं अजूनही त्याला ट्रिकवाले सर म्हणत होती. एखाद्याचं उत्तर वेडगळ वाटलं की हसू अजूनही ओठांवर यायचं, आणि तो खोकून ते गिळायचा.

नीतूने त्याला शंका विचारणं बंद केलं होतं. क्लासला येऊन ती मागच्या बाकावर बसायची आणि संपला की जायची. जुलैत एकदा, सगळे गेल्यावर, ती वही घेऊन टेबलाशी आली.

"हे येऊन नाही राहिलं," ती म्हणाली. "तुला येते का? येत नसेल तर नाही म्हण."

प्रवीणने गणित वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"नाही येत," तो म्हणाला. "लगेच तरी नाही."

नीतूने बाजूची खुर्ची ओढली आणि बसली.